टाकीतला अर्धा किलो दगड

सोसायटीच्या बोअरच्या पाण्याचा कठीणपणा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम आहे, असं प्रयोगशाळेनं कागदावर लिहून दिलं, तर तो आकडा कुणाला फारसा मोठा वाटत नाही. गच्चीवरची १,००० लिटरची टाकी डोळ्यांसमोर आणली की त्याचा अर्थ कळतो. त्या एका टाकीत अर्धा किलो चुनखडीइतके क्षार विरघळलेले असतात. पाणी नितळ दिसतं, वास येत नाही, फडक्यातून गाळलं तरी फडक्यावर काही उरत नाही. टाकी रोज भरते, रोज रिकामी होते आणि त्या क्षारांचा थोडा वाटा रोज घरात मागे राहतो. नळाच्या तोटीभोवती पांढरं कडं धरतं, शॉवरची भोकं बुजतात, स्टीलच्या पातेल्यावर न निघणारे डाग पडतात, गिझर आधीपेक्षा उशिरा तापतो, वाळलेला टॉवेल अंगाला टोचतो आणि तूरडाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या होऊनही कणीदार राहते.

सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा, भेस्तान या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली हजारो मराठी कुटुंबं राहतात. अहिराणी बोलणाऱ्या या घरांत ‘बोअरचं पाणी जड आहे’ ही तक्रार कुणाला नवी नाही. नवी गोष्ट वेगळीच आहे. या तक्रारीभोवती आता भीतीचा आणि खर्चाचा मोठा बाजार उभा राहिला आहे. कुणी सांगतं या पाण्यानं मुतखडा होतो, कुणी सांगतं केस गळतात, कुणी दारात येऊन पेल्यातलं पाणी तपकिरी करून दाखवतं. म्हणून जड पाणी नेमकं काय असतं, ते कुठून येतं, कशाचं नुकसान करतं आणि कशाचं करत नाही, हे एकदा नीट समजून घ्यायला हवं. ते समजलं तर निम्मा खर्च वाचतो आणि भीती बरीचशी जाते.

खान्देशातून सुरतेपर्यंत

पावसाचं पाणी जन्मतः मऊ असतं. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जवळजवळ नसतं. ते जमिनीत मुरतं तेव्हा मातीतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो. पिकांची मुळं आणि मातीतले सूक्ष्मजीव श्वसन करतात, त्यातून हा वायू मातीत साठलेला असतो. तो मिसळला की पाण्याला किंचित आम्लपणा येतो. हे सौम्य कार्बोनिक आम्ल वर्षानुवर्षं खडक झिजवतं आणि खडकातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम स्वतःबरोबर घेऊन निघतं. ज्या पाण्यात या दोन धातूंचे क्षार जास्त ते जड पाणी. शाळेच्या पुस्तकात त्यालाच दुष्फेन पाणी म्हणतात, कारण त्यात साबणाचा फेस नीट होत नाही.

सुरतेच्या बाबतीत हा खडक आपल्या ओळखीचा आहे. तापी मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईजवळ उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहत सुरतेपुढे समुद्राला मिळते. तिचं खोरं सुमारे ६५,००० चौरस किलोमीटरचं आहे आणि त्यातला जवळजवळ चार पंचमांश भाग महाराष्ट्रात आहे. म्हणजे उकाईच्या धरणात येऊन सुरतेच्या नळाला पोहोचणारं बहुतेक पाणी आधी महाराष्ट्राच्या काळ्या मातीतून आणि काळ्या खडकातून आलेलं असतं. हा खडक म्हणजे दख्खनचा बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून तो बनला. त्यातल्या फेल्डस्पारमध्ये कॅल्शियम असतं, पायरॉक्सिनमध्ये मॅग्नेशियम असतं. खान्देशातल्या शेतकऱ्याला शेतात सापडणारे चुनखडीचे पांढरे खडे ठाऊक असतात. खडकातून सुटलेलं कॅल्शियम मातीत पुन्हा घट्ट झालं की ते खडे तयार होतात आणि जमिनीत मुरणारं पाणी त्यांनाही थोडं थोडं विरघळवत राहतं.

तापीच्या खोऱ्यात पाण्याची दुसरी एक अडचणही आहे आणि तिची गल्लत जड पाण्याशी करू नये. अकोला, अमरावती, बुलढाण्याचा खारपाणपट्टा पूर्णा नदीच्या खोऱ्यात येतो. ही पूर्णा जळगाव जिल्ह्यात चांगदेवला तापीला मिळते. खारपाणपट्ट्यातल्या भूजलाचा मुख्य दोष म्हणजे सोडियमचे क्षार. ते पाणी खारट लागतं, जमीन खराब करतं. जड पाणी चवीला खारट असेलच असं नाही. खारं पाणी आणि जड पाणी कधी एकाच विहिरीत भेटतात, पण दोन्हींची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे.

एका शहरात दोन पाणी

सुरतेच्या अनेक घरांत दोन पाणी येतात. महापालिकेचं पाणी तापीचं असतं. ते कतारगाम, सरथाणा अशा जलकेंद्रांतून येतं. काही ठिकाणी नदीच्या पात्रात खोल कलेक्टर विहिरी बांधून ते उचललं जातं. या विहिरींना तिथं ‘फ्रेंच वेल’ म्हणतात. दुसरं पाणी सोसायटीच्या बोअरचं. ठरावीक वेळी येणारं पालिकेचं पाणी स्वयंपाकघराला आणि दिवसभर हाताशी असणारं बोअरचं पाणी न्हाणीघराला, अशी वाटणी कित्येक इमारतींत असते. नदीचं पाणी उघड्यावरून वाहत येतं, त्यात पावसाळ्याचं मऊ पाणी भरपूर मिसळलेलं असतं, म्हणून त्याचा कठीणपणा बेताचा राहतो. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं माती-खडकांच्या संगतीत राहिलेलं असतं. जितका सहवास लांब, तितके क्षार जास्त.

सुरतेला शिवाय समुद्र जवळ आहे. तापीत भरतीचं खारं पाणी आत शिरायचं. ते अडवण्यासाठी आणि गोडं पाणी साठवण्यासाठी १९९५ मध्ये रांदेर आणि सिंगणपोर यांच्यामध्ये नदीवर बंधारा बांधला गेला. बंधाऱ्याच्या वरच्या बाजूला गोडं पाणी साठलं, खालच्या बाजूला भरती-ओहोटी चालू राहिली. नदीत असा बंधारा घालता येतो, जमिनीखाली तो घालता येत नाही. किनाऱ्याकडच्या भागांत बोअरमधून उपसा वाढला की खारं पाणी भूजलात सरकू लागतं. समुद्राच्या पाण्यात मीठ असतं हे सगळ्यांना माहीत असतं. त्यात मॅग्नेशियमही भरपूर असतं, हे सहसा लक्षात येत नाही. समुद्राच्या पाण्याचा कठीणपणा लिटरमागे ६,००० मिलिग्रॅमच्या पुढे जातो. भूजलात त्याचा फक्त विसावा भाग मिसळला तरी कठीणपणा ३०० नं वाढतो. एकाच शहरात एका सोसायटीचं बोअर बरं आणि अर्ध्या तासावरच्या दुसऱ्या सोसायटीचं बोअर साबणाला हात न लावू देणारं, असं का होतं याचं उत्तर खोली, माती, उपसा आणि समुद्राचं अंतर या चार गोष्टींत असतं.

आकडा काय सांगतो

कठीणपणा मोजताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्हींचं मिळून कॅल्शियम कार्बोनेटच्या, म्हणजे चुनखडीच्या, मापात रूपांतर करतात. ६० पर्यंत मऊ, ६० ते १२० मध्यम, १२० ते १८० जड आणि १८० च्या पुढे फार जड, अशी एक प्रचलित वर्गवारी आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, २०० पर्यंतचा कठीणपणा स्वीकारार्ह धरला आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायची मुभा आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं कठीणपणासाठी आरोग्याच्या कारणानं कोणतीही कमाल मर्यादा घातलेली नाही. हा तपशील महत्त्वाचा आहे. आर्सेनिक, फ्लोराइड, नायट्रेट यांच्यासाठी तिनं मर्यादा ठरवून दिल्या आहेत, कारण त्यांनी शरीराला अपाय होतो.

कठीणपणा दोन प्रकारचा असतो. कॅल्शियम-मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट असतील तर पाणी उकळल्यावर त्यांतलं कॅल्शियम चुनखडी होऊन खाली बसतं. हा तात्पुरता कठीणपणा. सल्फेट आणि क्लोराइड असतील तर कितीही उकळलं तरी ते विरघळलेलेच राहतात. तो कायमचा कठीणपणा. बहुतेक बोअरमध्ये दोन्ही कमी-अधिक असतात. पाणी उकळून गार केल्यावर भांड्याच्या तळाशी पांढरा साका किती जमतो, त्यावरून तात्पुरत्या कठीणपणाचा अंदाज येतो.

साबण, डाळ आणि गिझर

साबण म्हणजे स्निग्धाम्लांचा सोडियम क्षार. जड पाण्यात तो शिरला की कॅल्शियम सोडियमची जागा घेतं आणि न विरघळणारा चिकट साका तयार होतो. बादलीच्या कडेला, फरशीवर, कॉलरवर जो राखाडी चिकट थर बसतो तो हाच. जोपर्यंत पाण्यातलं सगळं कॅल्शियम-मॅग्नेशियम असं बांधलं जात नाही, तोपर्यंत फेस टिकत नाही. रसायनशास्त्राच्या हिशेबानं १ ग्रॅम कठीणपणा सुमारे ६ ग्रॅम साबण खातो. ५०० कठीणपणाच्या २० लिटरच्या बादलीत १० ग्रॅम कठीणपणा असतो. म्हणजे मळाला हात लागण्याआधीच ६० ग्रॅम साबण वाया जातो, जवळजवळ अर्धी-पाऊण वडी. महिन्याच्या किराण्यात साबण का पुरत नाही, याचं उत्तर इथं आहे. धुण्याच्या पावडरी या बाबतीत सरस असतात. त्यांतला मळ काढणारा घटक कॅल्शियमशी तसा साका करत नाही आणि शिवाय पाणी मऊ करणारे सोडा किंवा झिओलाइटसारखे पदार्थ त्यांत आधीच घातलेले असतात.

झिओलाइट या खनिजाशी आपलं नातं जवळचं आहे. १७५६ मध्ये स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी त्याला नाव दिलं. ज्या बेसाल्टमुळे आपलं पाणी जड होतं त्याच बेसाल्टच्या पोकळ्यांत झिओलाइटचे सुंदर स्फटिक वाढतात. नाशिक, पुणे आणि जळगाव जिल्ह्यातलं सावदा इथले स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत पोहोचले आहेत. झिओलाइटच्या जाळीदार रचनेत सोडियम सैलपणे बसलेलं असतं. जड पाणी त्यातून गेलं की कॅल्शियम आत अडकतं आणि सोडियम बाहेर येतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाणी मऊ करण्याची यंत्रं याच गुणावर निघाली. आजच्या सॉफ्टनरमध्ये खनिजाऐवजी रेझिनचे बारीक मणी असतात, तत्त्व मात्र तेच आहे.

डाळीचा त्रासही कॅल्शियमचाच. डाळीच्या दाण्यातल्या पेशी पेक्टिन नावाच्या पदार्थानं एकमेकींना चिकटलेल्या असतात. शिजताना हे पेक्टिन सुटतं, पेशी विलग होतात आणि डाळ गळते. पाण्यातलं कॅल्शियम पेक्टिनच्या साखळ्यांना आणखी घट्ट बांधतं, म्हणून डाळ फुगते, फुटते, पण घोटली जात नाही. चिंच किंवा आमसूल आधी घातलं तरी असंच होतं, कारण आंबटपणाही पेक्टिनला सुटू देत नाही. चिमूटभर खायचा सोडा घातला की डाळ लवकर शिजते हे खरं आहे, पण त्यानं डाळीतलं ब १ जीवनसत्त्व नष्ट होतं. डाळीलाच पालिकेचं पाणी वापरणं, ती आधी भिजवणं आणि आंबट शेवटी घालणं हा त्याहून चांगला मार्ग आहे. जिथं दोन विहिरी होत्या तिथं ‘या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजते, त्या विहिरीच्या नाही’ हे ज्ञान बायकांकडे पिढ्यान्‌पिढ्या होतं. ते अचूक होतं.

सर्वांत महाग नुकसान गरम पाण्यात होतं. बहुतेक पदार्थ गरम पाण्यात जास्त विरघळतात; चुनखडीचं उलट आहे. तापमान वाढलं की तिची विरघळण्याची क्षमता घटते आणि ती जिथं उष्णता सर्वांत जास्त असते तिथंच, म्हणजे गिझरच्या कॉइलवर, बसते. चुनखडी उष्णता फार कमी वाहून नेते. कॉइल आत तापत राहते आणि बाहेरचं पाणी उशिरा तापतं. वीज जास्त जळते आणि शेवटी अतितापून कॉइल जाते. त्यामुळे गिझरचा थर्मोस्टॅट सगळ्यात वरच्या खुणेला ठेवू नये. ५५ ते ६० अंश पुरेसे असतात. बोअरचं पाणी असेल तर गिझर दरवर्षी उघडून साफ करून घ्यावा. त्याच वेळी आतली मॅग्नेशियमची संरक्षक कांडीही पाहायला सांगावी. ती टाकीला गंजू देत नाही आणि स्वतः झिजत जाते.

शरीरासाठी काय खरं, काय नाही

मुतखड्याची भीती सर्वांत मोठी आहे. बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, म्हणून कॅल्शियमवाल्या पाण्यानं खडा होतो, असा तर्क सरळ वाटतो. शरीर तसं चालत नाही. अन्नातल्या ऑक्झलेटला आतड्यातच कॅल्शियम भेटलं तर दोघं एकत्र बांधले जाऊन शौचावाटे निघून जातात. जड पाण्यामुळे मुतखडे वाढतात, असं अभ्यासांतून सिद्ध झालेलं नाही. खडा होण्यामागचं मोठं कारण पाणी कमी पिणं हे आहे. उकाड्यात, लूमच्या खात्यात किंवा प्रोसेसच्या मिलमध्ये बारा-बारा तास घाम गाळणारा माणूस लघवीला जावं लागू नये म्हणून पाणी टाळतो, तेव्हा धोका वाढतो. अशा माणसाला ‘बोअरचं पाणी पिऊ नकोस’ म्हणून घाबरवलं आणि तो आणखी कमी पाणी प्यायला, तर सल्ल्यानंच नुकसान केलं. ज्याला आधी खडा झाला आहे त्यानं किती पाणी प्यायचं आणि काय खायचं, हे डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

पाण्यातलं कॅल्शियम थोडं उपयोगीही असतं. ३०० कठीणपणाच्या, मुख्यतः कॅल्शियमच्या, १ लिटर पाण्यात १२० मिलिग्रॅमपर्यंत कॅल्शियम असू शकतं. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे १,००० मिलिग्रॅम लागतं. जड पाण्याच्या भागांत हृदयविकाराचं प्रमाण थोडं कमी दिसतं, असं सांगणारे अभ्यास १९५० च्या दशकापासून होत आले आहेत. त्यातून पक्का कार्यकारणभाव ठरलेला नाही, पण जड पाणी हृदयाला मारक आहे असं म्हणायलाही आधार नाही.

त्वचेचं चित्र जरा गुंतागुंतीचं आहे. जड पाण्यात साबणाचा साका अंगावर राहतो, त्वचा कोरडी पडते, आधीच एक्झिमा असलेल्या मुलाला खाज वाढू शकते. पण सॉफ्टनर बसवला की एक्झिमा बरा होतो का? इंग्लंडमध्ये ३३६ मुलांवर याची चाचणी झाली आणि २०११ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सॉफ्टनर लावलेल्या आणि न लावलेल्या घरांतल्या मुलांच्या आजारात तपासणीत फरक आढळला नाही. कमी साबण, सौम्य साबण, शेवटचा तांब्या पालिकेच्या पाण्याचा आणि ओल्या अंगावर लगेच खोबरेल, हे उपाय स्वस्त आहेत. केस राठ होणं जड पाण्यानं घडतं. केस गळण्यामागे मात्र आनुवंशिकता, लोहाची कमतरता, तापासारखा आजार, थायरॉइड अशी कारणं असतात, आणि पाण्याला दोष देत बसलं तर ती तपासायची राहून जातात.

पेन, पेला आणि आरओ

दारावर येणारा विक्रेता खिशातून पेनासारखा टीडीएस मीटर काढतो. हा मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. त्यातले किती कॅल्शियमचे, किती साध्या मिठाचे, हे त्याला कळत नाही. जंतू आहेत की नाहीत हेही कळत नाही. टीडीएस १५० असलेलं पाणी गटाराच्या गळतीमुळे रोगट असू शकतं आणि ६०० असलेलं पाणी निर्धोक असू शकतं.

दुसरा खेळ त्याहून वाईट आहे. दोन पेल्यांत पाणी घेऊन विजेवरच्या दांड्या बुडवतात. घरच्या पाण्यात तपकिरी-हिरवा गाळ तयार होतो, आरओचं पाणी स्वच्छ राहतं. तो गाळ पाण्यातली घाण नसते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि लोखंडाची दांडी विरघळून गंज बाहेर पडतो. आरओच्या पाण्यात क्षारच कमी, म्हणून वीज वाहत नाही आणि दांडी झिजत नाही. आरओच्या पेल्यात चिमूटभर मीठ टाकायला सांगा, तोही तपकिरी होईल. हे प्रत्येक घरात एकदा तरी करून पाहावं.

आरओ निरुपयोगी आहे असं नाही. पाणी खरोखर खारं असेल, फ्लोराइड किंवा नायट्रेट मर्यादेबाहेर असेल, तर तो लागतोच. पण पालिकेचं बेताच्या क्षाराचं पाणी आरओतून काढणं म्हणजे उपयोगी खनिजं काढून टाकणं आणि घरगुती यंत्रांत बहुधा प्यायच्या पाण्याहून जास्त पाणी मोरीत सोडणं. राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला, टीडीएस ५०० पेक्षा कमी असेल तिथं आरओच्या वापरावर बंदी घालण्याचे निर्देश दिले, त्यामागे हेच कारण होतं. जंतूंची शंका असेल तर उकळणं किंवा अल्ट्राव्हायोलेट गाळणी पुरते.

मिलना जे कळलं

कठीणपणाचं मोल सुरतेच्या रंगाई-छपाईच्या मिलना फार आधी कळलं आहे. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम रंगाशी बांधले गेले की कापडावर डाग पडतात, छटा एकसारखी येत नाही. बॉयलरमध्ये पापुद्रा बसला तर इंधन वाया जातं आणि नळ्या फुटण्याचा धोका असतो. म्हणून पाणी आधी मोजायचं, मऊ करायचं आणि मगच वापरायचं, हा तिथला नेम आहे. पालिकेनं २०१४ मध्ये बामरोलीला एक प्रकल्प सुरू केला. शहराचं सांडपाणी तिसऱ्या टप्प्यापर्यंत शुद्ध करून रोज ४ कोटी लिटरपर्यंत पाणी पांडेसऱ्याच्या उद्योगांना देण्याची त्याची क्षमता आहे. त्याच पांडेसऱ्यात मिलच्या भिंतीपलीकडे राहणाऱ्या कामगाराच्या घरात मात्र पाणी कधी मोजलंच जात नाही. मिल ज्या शिस्तीनं पाण्याकडे पाहते ती शिस्त घरालाही परवडते. तिला यंत्रं लागत नाहीत.

पहिली पायरी मोजणं. घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर दोन सारख्या बाटल्यांपैकी एकीत बोअरचं आणि दुसरीत पावसाचं किंवा आरओचं पाणी घ्यावं, दोन्हींत साध्या साबणाचा सारखाच कीस टाकून हलवावं आणि फेस किती टिकतो ते पाहावं. यासाठी धुण्याची पावडर चालत नाही. नेमका आकडा हवा असेल तर प्रयोगशाळेतून एकूण कठीणपणा, कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड आणि कोलिफॉर्म जंतू एवढ्या चाचण्या करून घ्याव्यात. कठीणपणाच्या चाचणीत पाण्याला द्राक्षारसासारखा तांबडा रंग देतात आणि थेंब थेंब द्रावण घालत ते निळं होईपर्यंत मोजतात. ही चाचणी जुनी, स्वस्त आणि भरवशाची आहे. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, अशी वर्षातून दोनदा ती करावी. खर्च सोसायटीत वाटला तर घरटी फार थोडा येतो.

दुसरी पायरी पाण्याची कामाप्रमाणे वाटणी. पिणं, डाळ आणि चहा यांना पालिकेचं पाणी. फरशी आणि संडासला बोअरचं, तिथं कठीणपणानं काही बिघडत नाही. कपड्यांना बोअरचंच पाणी वापरावं लागत असेल तर साबणाआधी धुण्याचा सोडा विरघळवावा. ५०० कठीणपणाच्या २० लिटरच्या बादलीला १० ते १२ ग्रॅम कोरडा सोडा, म्हणजे साधारण दोन चमचे. स्वस्त सोडा कठीणपणा खातो, महाग साबण मळासाठी उरतो. सुती आणि कृत्रिम धाग्याच्या कपड्यांना हे चालतं. रेशीम आणि लोकर यांना चालत नाही.

तिसरी पायरी साचलेलं काढणं. नळ, शॉवर, किटली यांवरचा पापुद्रा सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्यानं निघतो. गुजराती दुकानात ते ‘लींबुनां फूल’ या नावानं मिळतं. तोटीवर ओला बोळा बांधून अर्धा तास ठेवला की बुडबुडे येतात आणि पापुद्रा सुटतो. पण संगमरवर आणि कोटा स्वतः चुनखडीच्या जातीचे दगड आहेत, त्यांवर आंबट काहीही सांडलं तर चमक जाते. न्हाणीघरात तीव्र अ‍ॅसिड ओतणं टाळावं. आणि अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र कधीही करू नयेत, त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जीवघेणा ठरू शकतो.

चौथी पायरी सोसायटीची. कठीणपणा ४००-५०० च्या वर असेल तर घरोघरी यंत्रं बसवण्यापेक्षा बोअरच्या पाण्याला एकच सामाईक सॉफ्टनर परवडतो. मात्र सॉफ्टनर १०० मिलिग्रॅम कठीणपणामागे लिटरला ४६ मिलिग्रॅम सोडियम पाण्यात सोडतो. ५०० चा कठीणपणा पूर्ण काढला तर लिटरला २३० मिलिग्रॅम. म्हणून हे पाणी न्हाणीला आणि धुण्याला वापरावं; पिण्याला, विशेषतः रक्तदाब असलेल्यांनी, वापरू नये. रेझिन पुन्हा ताजं करताना मिठाचं पाणी बाहेर पडतं, ते झाडांना किंवा बोअरजवळच्या खड्ड्यात सोडू नये.

आणि सर्वांत मऊ पाणी दरवर्षी फुकट येतं. सुरतेत वर्षाला सुमारे १,२०० मिलिमीटर पाऊस पडतो. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर त्याचं पाणी १ लाख २० हजार लिटर होतं. गळती आणि पहिल्या सरींचं पाणी वजा केलं तरी सहज ९० हजार लिटर उरतं. अहमदाबादच्या जुन्या पोळांत घराखाली बांधलेली टांकी याच पाण्यासाठी होती. टाकीला जागा नसेल तर गाळून ते बोअरच्या पुनर्भरणाला द्यावं. समान वाट्यानं मिसळलं तर ५०० चा कठीणपणा २५० वर येतो, आणि गोड्या पाण्याचा दाब वाढला की समुद्राचं पाणीही मागे रेटलं जातं. हा उपाय एका घराला जमत नाही, सगळ्या गल्लीनं केला तर बोअरच बदलतं.

जड पाण्याचा खर्च वाटला जातो तो सारखा नसतो. ज्याला दोन पाणी मिळतात, ज्याची टाकी मोठी आहे, त्याला त्रास कमी. भाड्याच्या एका खोलीत, एकाच नळावर संसार करणाऱ्या बाईला साबण जास्त लागतो, गॅस जास्त लागतो, कपडे लवकर विरतात, आणि त्यावर कुणी तिला घाबरवून हप्त्यानं यंत्र विकतो. तिचं संरक्षण आकड्यातच आहे. सोसायटीच्या फलकावर देखभालीच्या हिशेबाशेजारी पाण्याचा अहवाल लावा, भाडेकरूंनाही तो वाचायला मिळू द्या, आणि पालिकेकडे आपल्या विभागाच्या नळाच्या पाण्याचा कठीणपणा जाहीर करण्याची मागणी लेखी करा. तापीकाठच्या शहरात आपलं पाणी किती जड आहे, हे जाणण्याचा हक्क मिलइतकाच प्रत्येक घराचा आहे.